फॉर्म भरताना माणूस मधेच उठणारच

ऑनलाइन फॉर्म आखणाऱ्यांनी एक माणूस गृहीत धरलेला असतो. कागदपत्रं समोर मांडून, निवांत बसलेला, कुणीही हाक न मारणारा. मी ऐरोलीत ॲपच्या स्क्रीन आखायचंच काम करते, म्हणून सांगते, हा माणूस फक्त आमच्या प्रेझेंटेशनमध्ये सापडतो.

खरा माणूस ठाणे स्टेशनला पनवेल गाडीची वाट बघत फॉर्म भरतो. आयएफएससी कोड पासबुकच्या फोटोत, म्हणून गॅलरीत जातो. आधारची फाइल मोठी आहे म्हणे, ती लहान करायला दुसऱ्या ॲपमध्ये जातो. तेवढ्यात घरून फोन. परत येतो तर फॉर्म कोरा! पुन्हा नावापासून सुरुवात.

यावर आमच्यातलेच लोक म्हणतात, 'मोबाइल स्वस्तातला असेल.' अहो, मेमरी कमी पडली की मागे पडलेली ॲप अँड्रॉइड बंद करणारच, ते ठरलेलंच आहे. पण भरलेलं जपून ठेवायची सोयही तोच देतो, ती वापरायची कुणी? अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ॲप बनवणाऱ्यांसाठी 'डेव्हलपर ऑप्शन्स' असतात, त्यात 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' नावाचं एक बटण आहे. ते चालू केलं की स्क्रीनवरून हललात रे हललात की ती स्क्रीन मोडीत. प्रत्येक क्लायंटला त्याचं स्वतःचं ॲप एकदा असं चालवायला द्यावं, असं मला फार वाटतं.

दुसरी सबब सिक्युरिटीची. थोडा वेळ काही केलं नाही की सेशन, म्हणजे चालू लॉगिन, संपवा ना, नाही कोण म्हणतंय? पण पुन्हा लॉगिन केल्यावर भरलेली माहिती जागेवर असावी, हे वेबच्या सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी नियमांतही आहे. वेळ संपण्याआधी सांगा आणि ती वाढवायला किमान २० सेकंद द्या, ही तर त्यातली अगदी खालच्या पातळीची अट. सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर माहिती मागे राहायची भीती असेल, तर ड्राफ्ट, म्हणजे अर्धवट भरलेला फॉर्म, ब्राउझरमध्ये नको, त्या माणसाच्या लॉगिनच्या खात्यात ठेवा.

आणि नुसतं सेव्ह करून भागत नाही. जांभळी नाक्यावरचा भाजीवाला बघा. माझी भेंडी तोलून पिशवी बाजूला ठेवतो, मधे दोघांना उरकतो, मी कोथिंबीर बघून आले की म्हणतो, 'ताई, भेंडी झाली, टोमॅटो राहिलेत.' परतलेल्या माणसाला स्क्रीनने एवढंच सांगायचं असतं: पत्ता झालाय, बँक खातं राहिलंय. आम्ही मात्र त्याला मुखपृष्ठावर सोडतो आणि वर ऑफरचा पॉपअप.

कट-कॉपी-पेस्ट घडवणारे लॅरी टेस्लर वापरणाऱ्याला एकाच अवस्थेत अडकवून ठेवणाऱ्या प्रोग्रामांवर इतके वैतागलेले, की गाडीच्या नंबरप्लेटवरच 'नो मोड्स' लिहून घेतलं होतं. आपल्याकडे आजही जो नंबर कॉपी करायचा नेमका त्याच्यावरच खिडकी उघडते.

आणि ते 'बदल सेव्ह झालेले नाहीत, तरी बाहेर पडायचं?' विचारणं आधी बंद करा. सेव्ह झालेलं नाही हे तुम्हाला कळतंय ना? मग विचारता काय, करा की सेव्ह! जीमेल मेल लिहिता लिहिताच ड्राफ्ट ठेवतं, कुणाला विचारत बसत नाही.