रिकामी इमारत आणि भरलेली विषयपत्रिका

मुंबई महापालिकेच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीवर वर्णी लागल्याबद्दल तुमचं अभिनंदन. 7 मार्च 2022 ला जुन्या नगरसेवकांची मुदत संपली आणि मुंबई जवळजवळ चार वर्षं प्रशासकाच्या सहीवर चालली. त्या काळात न झालेली भाषणं तुंबून राहिली आहेत. नालेसफाईची सुरुवात तिथूनच करा.

अर्थसंकल्पाचं बाड घरपोच येईल. ते उघडायचं नसतं, काखेत धरून फोटो काढायचा असतो. 2025-26 चा आकडा 74,427 कोटींचा होता. एवढ्या आकड्यासाठी एकच वाक्य पाठ असलं की भागतं : ‘गोव्याच्या अर्थसंकल्पापेक्षाही हा मोठा आहे!’ सत्तेत असाल तर यानंतर बाक वाजवा. विरोधात असाल तर ‘मग खड्डे का?’ एवढं जोडा. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा कोट्यवधींचा विषय आला की गप्प बसा. तिथे प्रश्न विचारला तर उत्तर समजून घ्यावं लागतं. पण शाळेच्या खिडक्यांना जाळ्या बसवण्याचा प्रस्ताव आला, की बाह्या सरसावा. जाळी सगळ्यांना कळते. भोक केवढं, त्यातून कबूतर शिरतं का, मागच्या जाळीचं भंगार कुठे गेलं... जेवणाची सुट्टी कधी होते ते कळतही नाही.

मग उत्पन्नाचा विषय निघेल. शहरात येणाऱ्या मालावरची जकात 1 जुलै 2017 ला गेली. 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर 2022 पासून माफ आहे. (त्याबद्दल अवाक्षर काढू नका, त्याच घरांत मतदार राहतात.) म्हणजे राहता राहिल्या जागा. जकात गेली तरी नाके जागेवरच आहेत. दहिसर आणि मानखुर्दच्या नाक्यांवर वाहतूक आणि व्यापारी केंद्र उभं करायच्या घोषणा झाल्याच आहेत. तेव्हा ‘महापालिकेच्या पडीक मालमत्तांचा पुनर्वापर’ हे शब्द आत्तापासून तोंडात बसवून घ्या.

पण खरी परीक्षा तुमच्या स्वतःच्या प्रभागात आहे. तिथे महापालिकेची एक मराठी शाळा असेलच. पट घसरत गेला, उरलेली मुलं दुसऱ्या इमारतीत ‘समायोजित’ झाली आणि एक दिवस गेटला कुलूप लागलं. गच्चीवर पिंपळ उगवलाय. आता या इमारतीचं काय करायचं?

काही करायचं नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. मात्र ते ‘करू नये’ असं बोलायचं नाही, तसं बोलणारा पुढच्या वेळी निवडून येत नाही. तुम्ही वाचनालयाचा प्रस्ताव आणा. शेजारचा नगरसेवक विरंगुळा केंद्र आणेल, तिसरा व्यायामशाळा, चौथी पाळणाघर. सगळ्यांना मनापासून पाठिंबा द्या आणि लगेच उपसूचना मांडा, की आधी इमारतीचं नाव ठरवू. नाव ठरेस्तोवर एक आर्थिक वर्ष आरामात निघतं.

नाव ठरलंच, तर इमारत नक्की कुणाची ते विचारा. शिक्षण विभाग मालमत्ता विभागाकडे बोट दाखवेल, मालमत्ता विभाग वॉर्ड ऑफिसकडे, आणि वॉर्ड ऑफिस म्हणेल आमच्याकडे फक्त कुलूप आहे. किल्ली मागू नका. पाहणी दौरा ठेवा. सगळ्यांना पांढरी हेल्मेटं द्या. स्लॅबकडे बघून दोनदा मान हलवली, की प्रशासनाला स्ट्रक्चरल ऑडिट सुचतं. अहवाल ‘सी-1’ आला तर इमारत अतिधोकादायक ठरते, म्हणजे वापरता येत नाही. दुरुस्तीयोग्य आला तर दुरुस्तीचं लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातला खर्चाचा रकाना, शोधावं लागतं, म्हणजे यंदा वापरता येत नाही. या अहवालावर माझा फार जीव आहे. कसाही आला तरी उपयोगी पडतो.

एखादा अभ्यासू सदस्य (असतो एखादा, दर खेपेला) भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा दाखला काढेल. सार्वजनिक इमारत, दुर्दशेतून वर काढली, 2005 ला युनेस्कोचा पुरस्कार, 2008 ला पुन्हा लोकांसाठी खुली. हातातलं घड्याळ बघा आणि अध्यक्षांना म्हणा, ‘अशा स्थळांच्या अभ्यासासाठी समितीचा दौरा काढावा.’ अभ्यासू सदस्यसुद्धा या ठरावाला विरोध करत नाही. दौरा भायखळ्याला कुणी नेत नाही, हे वेगळं सांगायला नको.

एवढं करूनही विषय पुन्हा पटलावर आला तर तो राखून ठेवा, पुढच्या सभेत फेरविचारासाठी परत पाठवा, आणि त्यानंतर दप्तरी दाखल करा, म्हणजे बासनात गुंडाळा. याच क्रमाने. घाईत थेट दप्तरी दाखल केलं तर बातमी होते.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवा. त्या शाळेवर सुरक्षारक्षक नेमलेला आहे. त्याच्या पगाराची तरतूद दरवर्षी चर्चेविना मंजूर होते, म्हणजे या इमारतीवर नियमित होणारा खर्च तेवढाच. संध्याकाळी त्याची मुलगी व्हरांड्यात दप्तर घेऊन बसते, वस्तीतली आणखी चार-पाच पोरं येतात, आणि गेटच्या दिव्याखाली सतराचा पाढा चालतो. परवानगी कुणाची, भाडं किती, ठराव क्रमांक काय? काहीच नाही. वॉर्ड ऑफिसला कळवून हे अतिक्रमण ताबडतोब हटवा, नाहीतर इमारतीचा पुनर्वापर समितीच्या मंजुरीविनाच सुरू झालाय, अशी नोंद इतिवृत्तात जायची.