नेब्रास्कातली ती 'फुकट' जमीन

'अमेरिकेने ओसाड जमीन फुकट वाटली, चेक शेतकरी रिकाम्या हाताने गेले आणि कोणाच्याही मदतीशिवाय पाच वर्षांत सधन झाले.' एकोणिसाव्या शतकात मध्य युरोपातून अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात जाऊन वसलेल्या चेक लोकांबद्दलचा हा मजकूर गेले काही दिवस सगळीकडे फिरतो आहे. त्यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे.

आधी 'फुकट'. 1862च्या होमस्टेड कायद्याने, म्हणजे वसायला येणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या कायद्याने, 160 एकर मिळत, पण पाच वर्षं तिथे राहून जमीन कसायची अट होती. शिवाय बैल, नांगर, बियाणं, विहीर हा सगळा खर्च स्वतःचा. रेल्वे कंपन्यांना सरकारकडून मिळालेल्या जमिनी तर विकतच घ्याव्या लागत. टेक्सासात हा कायदा लागूच नव्हता. तिथल्या चेक कुटुंबांनी जमीन पैसे मोजून घेतली.

'रिकाम्या हाताने' हेही खरं नाही. अगदी कफल्लक माणसाला जहाजाचं भाडं कुठून परवडणार? गावाकडचं घर, जमिनीचा तुकडा विकून निघालेले त्यांत पुष्कळ होते.

आणि पाच वर्षांत सधन? नेब्रास्काच्या गवताळ माळावर झाडं विरळ, म्हणून मुळांसकट कापलेल्या मातीच्या ठोकळ्यांचं घर बांधायचं. पावसात छत गळायचं. सरपण नसलं की वाळलेलं गवत पिळून चुलीत घालायचं. 1874 साली टोळधाडीने उभी पिकं फस्त केली. अशा वर्षी घर तगायचं ते बाईने विकलेल्या लोणी-अंड्यांवर आणि दुसऱ्याच्या शेतात मजुरीला गेलेल्या पोरांवर. यशाचं श्रेय एकट्या कर्त्या पुरुषाला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मदतीचं म्हणाल तर आधी गेलेल्या नातलगांची पत्रं वाचूनच पुढचे निघत. सेंट लुईसमध्ये 1854 सालीच चेक लोकांनी परस्पर साहाय्याची संस्था काढली होती. सभासद वारला की त्याच्या कुटुंबाला पैसे मिळत. 1891 पासून नेब्रास्कातल्या ओमाहा शहरातून 'होस्पोदार्श' हे शेतीचं नियतकालिक चेक भाषेत निघू लागलं.

राहिलं 'ओसाड'. नेब्रास्कातल्या प्लॅट आणि लूप नद्यांच्या काठी पॉनी या मूळ रहिवासी जमातीची मोठी गावं होती, मक्याची शेतं होती. करारांमागून करार करून त्यांची जमीन आक्रसत नेली गेली आणि 1870च्या दशकात, म्हणजे चेक कुटुंबं तिथे घरं बांधत होती त्याच काळात, उरलेल्या पॉनींना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. त्यांना चेक शेतकऱ्यांनी हुसकावलं नाही, ते सरकारी धोरण होतं. पण सरकार जी जमीन वाटत होतं, ती पॉनींसारख्या मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती.