घुबड चालतं, अस्वल चालतं, मग दोन्ही मिळून का नाही?

रविवारी दांडिया बाजारात आमच्या माडीवर शेव-उसळ गार झाली, शेव पार मऊ पडली, आणि त्याला कारण एक आउलबेअर. तोंड घुबडाचं, अंग अस्वलाचं, स्वभाव भर दुपारी झोपेतून उठवलेल्या माणसाचा.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही पाच जण दर पंधरा दिवसांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र घ्यायचं आणि गोष्ट पुढे न्यायची. मी डीएम, म्हणजे गोष्ट मी सांगायची आणि शिव्याही मीच खायच्या. भाची ड्रुइड आहे, म्हणजे जनावराचं रूप घेऊ शकणारी रानातली जादूगार, नवव्या लेव्हलची, सर्कल ऑफ द मूनवाली, त्यामुळे चांगल्या दांडग्या जनावरांची रूपंही तिला घेता येतात. तर ती म्हणाली, "मामा, मी आउलबेअर होते." मी म्हटलं, नाही जमायचं. रूप फक्त 'बीस्ट'चं, म्हणजे साध्या जनावराचं घेता येतं आणि आउलबेअर पुस्तकात 'मॉन्स्ट्रॉसिटी', म्हणजे अचाट प्राणी आहे.

"घुबड होता येतं, अस्वल होता येतं. मग दोन्ही मिळून का नाही? त्याला जादू कुठली येते ते दाखव."

दाखवायला म्हणून पुस्तक उघडलं आणि तोंडावर पडलो. चोच आहे, नखं आहेत, नाक तीक्ष्ण, अंधारात दिसतं. जादू शून्य.

रात्री जुनी पुस्तकं काढून बसलो. या बिचाऱ्याची वंशावळ म्हणजे सरकारी खात्यात टेबलाटेबलावर फिरणारी फाइल आहे. मुळात या खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सला स्वस्तातल्या प्लास्टिकच्या खेळण्यांत हा आकार सापडला आणि 1975 मध्ये तो छापला गेला. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तो 'बीस्ट' होता, आणि तिथे बीस्टची व्याख्याच अशी की खऱ्या जगात नसलेला, पण शरीररचना साधारण आणि अंगात जादू नसलेला प्राणी. तीन वर्षांनी तो डबाच मोडीत काढला आणि हा झाला 'मॅजिकल बीस्ट'. नावात मॅजिक आलं, अंगात काडीचं आलं नाही. 2008 मध्ये त्याला परीलोकातला ठरवलं. 2014 पासून, म्हणजे पाचव्या आवृत्तीत, मॉन्स्ट्रॉसिटी. या सगळ्यात त्याचं एक पीसही बदललेलं नाही.

महागरुडाचं तर त्याहून ताजं. 2014 मध्ये बीस्ट होता, 2025 च्या पुस्तकात तो थेट स्वर्गीय जीव झाला. म्हणजे काल ज्या ड्रुइडला महागरुड होऊन उडता येत होतं, तिने आज ते रूप विसरायचं.

माझं म्हणणं एवढंच की शिक्का जनावरावर मारू नका, त्याच्या एकेका करामतीवर मारा. हे मी नवीन सांगत नाहीये, तिसऱ्या आवृत्तीत ते होतंच. तिथे ड्रॅगनच्या पंखांवर जादूविरोधी क्षेत्राचा काही परिणाम होत नसे, पण तोंडातली आग विझायची, कारण आग 'सुपरनॅचरल', म्हणजे जादूची, आणि उडणं अंगचं. डोंगराएवढं धूड पंखांवर उडतं हे नैसर्गिक कसं, असं कुणी विचारलं तर त्या जगाची हवाच तशी, विषय संपला. पाचव्या आवृत्तीत आगही अंगचीच मानली, ती विझत नाही. मला जुनं बरं वाटतं, पण निदान दोन्हीकडे प्रश्न योग्य विचारलाय: जादू बंद केली तर यातलं काय बंद पडेल?

"विचित्र दिसतं म्हणजे जादूचं" हे बडोद्यात राहणाऱ्याने तरी म्हणू नये. 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा मित्राच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दोन स्कूटरच्या मध्ये, मगर होती. पाठीवर चिखल वाळून पापुद्रे सुटलेले, जबडा किंचित उघडा, आणि ती इतकी स्तब्ध की वॉचमन म्हणाला टायर आहे. मदतीला आलेल्या पोरांनी डोळ्यांवर ओलं पोतं टाकलं, जबडा दोरीने बांधला आणि चौघांनी उचलून नेली. आता हिचा स्टॅट ब्लॉक, म्हणजे खेळाच्या पुस्तकातला गुणांचा तक्ता लिहा. महिनोन्‌महिने उपाशी राहू शकते. पिल्लू नर होणार की मादी, हे घरट्यातल्या उष्णतेवर ठरतं. चेन्नईजवळच्या क्रोकोडाइल बँकेत तर मगरी बगळ्यांच्या विणीच्या दिवसांत नाकाडावर काटक्या ठेवून पाण्यात पडून राहताना दिसल्यात, घरट्यासाठी काडी उचलायला बगळा आला की गट्ट. तिसऱ्या आवृत्तीच्या हिशेबाने हिची बुद्धी एक किंवा फार तर दोन! आणि हीच मगर खोडियार मातेचं वाहन म्हणून देवळात बसली की तिला कुंकू लागतं. एकाच जनावराला नदीत एक डबा, देवळात दुसरा, आणि इथे त्याचं कुणालाच काही वाटत नाही.

राक्षस, भूत, हाडांचे सापळे हे वेगळे, ते मेल्यावर उठलेले किंवा दुसरीकडून आलेले. त्यांच्याबद्दल वाद नाही. पण जे खातं, पितं, पिल्लं घालतं आणि रानात लेंड्या टाकतं, ते माझ्या टेबलावर जनावर. आउलबेअर पास.

ग्रिफिनही (गरुडाचं तोंड-पंख, सिंहाचं अंग) पास, हे मी लिहून बसलो आणि मग लक्षात आलं की भाची ही पोस्ट वाचणार. तिचा मेसेज आलाच: "मामा, ग्रिफिन उडतो ना?" पुढच्या वेळी शेव वेगळी बांधून आणायला सांगितलंय.