खुलासा: निळा धूर म्हणजे बोअर गेलाच असं नाही

‘जुनी स्प्लेंडर निळा धूर सोडतेय? बोअर-पिस्टन गेला, इंजिन उतरवा’ असा मेसेज फिरतोय. अर्धवट आहे. (बोअर म्हणजे पिस्टन ज्यात पुढेमागे सरकतो तो सिलिंडर.) रात्रभर उभी गाडी सकाळी किक मारताच भकाभका धूर सोडते नि थोड्या वेळात साफ होते, तेव्हा पहिला संशय व्हॉल्व्ह सीलवर (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल आत झिरपू न देणारी रबरी टोपी) घ्या. रेस करताना सतत धूर येत असेल, तर पिस्टनभोवतीच्या रिंगा बघा. सीलसाठी इंजिन फ्रेममधून काढावं लागत नाही. हेड (व्हॉल्व्ह असलेलं सिलिंडरचं झाकण) उतरवलं की पुरे. मात्र व्हॉल्व्ह त्याच्या गाइडमध्ये (तो ज्या नळीत सरकतो ती) हलवून बघा. डुगडुगला तर गाइडच झिजलंय, नवं सीलही टिकणार नाही. हेड परत बसवताना हेड गॅस्केट (हेड नि सिलिंडरमधलं पातळ पॅकिंग) नवंच घाला. यामाहा आरएक्स १०० वाल्यांनी हे सील शोधूच नये. ती गाडी टू-स्ट्रोक, म्हणजे असे व्हॉल्व्ह नसलेल्या इंजिनाची. तिला ते नसतंच!