गावाचा इतिहास शोधताय? मग एवढं कराच

गावाचा इतिहास शोधायला निघालात? उत्तम. फक्त आधी काही वाचायच्या भानगडीत पडू नका. देवळाच्या पारावर जे पहिले गृहस्थ भेटतील त्यांना गाठा. देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, कोंबडा आरवला म्हणून कळस राहिला आणि गाभाऱ्यातलं भुयार थेट किल्ल्यावर निघतं, हे पाच मिनिटांत कळेल. भुयारात कुणी उतरलंय का, असलं विचारू नये. त्यांच्या आजोबांनी बकरी सोडली होती.

देऊळ काळ्या दगडाचं दिसलं की बेधडक ‘हेमाडपंती’ लिहा. अंबरनाथच्या देवळातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा, आणि हेमाद्री, म्हणजे तोच हेमाडपंत, यादवांकडे होता तेराव्या शतकात. दोनशे वर्षांचा तर फरक. पंतांनी आधीच बांधून ठेवलं असेल.

मोडी अजिबात शिकू नका. माळ्यावरचे रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेली जुनी कागदपत्रं, रद्दीत घाला, वजनाला बरे भरतात. इतिहासकार वि. का. राजवाडे असल्या दप्तरांपायी गावोगाव वणवण फिरले आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापून मोकळे झाले. रद्दीचा भाव माहीत नसावा त्यांना.

जिल्ह्याची माहिती छापलेलं सरकारी गॅझेटिअर? छे.

आता वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा स्मारकदगड. देवळामागे, विहिरीच्या काठी, कुठेही उभा असतो तो दगड. दिसला की रंगवा. गेल्या रविवारी मी एका तालुक्याच्या गावी असाच एक वीरगळ बघायला गेलो होतो. पाच वर्षांपूर्वी पाहून ठेवलेला. तळाच्या चौकटीत आडवा पडलेला वीर आणि त्याच्यामागे गाईंची रांग. म्हणजे गावची गुरं वळवून नेणाऱ्यांशी लढताना गेलेला. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या, त्याच्याही वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, माथ्यावर चंद्रसूर्य. आणि दोन चौकटींमधल्या पट्टीवर झिजलेली तीन ओळी अक्षरं. वीरगळावर लेख सहसा नसतो, म्हणून ठसा घ्यायला कागद, ब्रश, शाई, पाण्याची बाटली, सगळा संसार घेऊन गेलो होतो.

जीर्णोद्धार झाला होता! वीराला चंदेरी ऑइल पेंट, गाईंना पिवळा, अप्सरांना लाल ओठ. खालची चौकट अर्धी फरशीत गाडलेली. अक्षरांची पट्टी बोट फिरवलं तर काचेसारखी गुळगुळीत. म्हटलं, अहो, इथे अक्षरं होती. तर एक पदाधिकारी कौतुकाने म्हणाले, “खडबडीत दिसत होतं ना, ग्राइंडर मारून घेतला. आता कसं छान वाटतंय!”

वाटतंय की. शेजारीच ग्रॅनाइटची पाटी होती, सोनेरी अक्षरांत सत्तावीस देणगीदार, वर माननीय वेगळे. एकाचंही नाव खडबडीत नाही.

अहो, लाज वाटत नाही? तुमच्याच गावच्या गुरांसाठी मेला तो माणूस. त्याचं नाव, गावाचं जुनं नाव, सालाचा शक, काय होतं त्या तीन ओळींत ते आता कुणालाच कधी कळणार नाही, आणि तुम्ही वर पेढे वाटता! वाचता येत नव्हतं तर नव्हतं, त्यात कमीपणा नाही. पण मशीन लावण्याआधी एक फोटो काढता येत नव्हता? उद्घाटनाला रिबिनीचे चाळीस काढलेत, मोजून दाखवले मला.