चार्टर शाळा आणा, पण मागे उरलेल्या शाळेचं काय?

महापालिकेच्या शाळा संस्थांना चालवायला द्याव्यात का, हा वाद मुंबई-पुण्यात निघाला की कुणीतरी अमेरिकेतल्या चार्टर शाळांचा दाखला देतंच. सरकारी पैसा, खासगी व्यवस्थापन, फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही, अर्ज जास्त आले तर लॉटरी. बॉस्टनमध्ये राहून पाहताना हा दाखला खोटा वाटत नाही, अर्धवट वाटतो.

बॉस्टनच्या चार्टर शाळा खरोखर चांगल्या आहेत. लॉटरीत नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना करून अर्थतज्ज्ञांनी ते तपासलंय. गणितातला फरक तर डोळ्यांत भरतो, आणि या शाळांत बहुसंख्य मुलं गरीब घरांतली आहेत. बॉस्टन ज्या राज्यात येतं त्या मॅसॅच्युसेट्सच्या 2010च्या कायद्याने सर्वांत मागे पडलेल्या भागांत चार्टरवरच्या खर्चाची मर्यादा तिथल्या शालेय खर्चाच्या 9 वरून 18 टक्क्यांवर नेली. नव्या शाखा निघाल्या, त्यांचेही निकाल मूळ शाळांच्या तोडीचे आले. तरी 2016 मध्ये दरवर्षी 12 नव्या चार्टर शाळांना वाट देणारा प्रस्ताव मॅसॅच्युसेट्सच्या सुमारे 62 टक्के मतदारांनी फेटाळला. शिक्षक संघटनांनी जोर लावला हे खरंच. पण पालकांच्या मनात भीती होती ती मागे उरणाऱ्या शाळेची.

हिशेब साधा आहे. दहा वर्गांच्या सरकारी शाळेतून 20 मुलं चार्टरकडे गेली तर प्रत्येक वर्गात दोनच जागा रिकाम्या होतात. शिक्षक दहाच लागतात, हिवाळ्यात इमारत तेवढीच तापवावी लागते, बसही तीच. पैसे मात्र 20 मुलांचे त्यांच्यासोबत गेलेले. म्हणून या वाढीव बोज्याची भरपाई राज्य देतं: 2019च्या कायद्यानुसार पहिल्या वर्षी 100 टक्के, मग 60, मग 40.

आपल्याकडे हा मधला उतारच नाही. जिल्हा परिषद शाळेचा पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, एक पद जातं. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, मूळ निकषात 61 मुलांना तीन शिक्षक, 60 ला दोन. एक मूल कमी झालं आणि पाच इयत्ता दोघांच्या गळ्यात. मग उरलेले पालकही दाखला काढायला येतात, आणि 'सरकारी शाळेत कुणी जातच नाही' म्हणायला आपण मोकळे!

लॉटरी निष्पक्ष असते, पण लॉटरीपर्यंत पोचणं तसं नसतं. खासगी शाळांत गरीब-वंचित मुलांसाठी राखीव असलेल्या, लॉटरीने भरल्या जाणाऱ्या आरटीईच्या 25 टक्के जागांचा अर्ज बघा. आर्थिक दुर्बल गटातून अर्ज असेल तर तहसीलदाराचा एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला, भाड्याच्या घरासाठी नोंदणीकृत भाडेकरार, आणि नकाशावर घराची खूण. सायबर कॅफेवाल्याने ती खूण चुकीच्या गल्लीत ठेवली तर शाळेपर्यंतचं अंतर बदलतं आणि नंबर लागूनही पडताळणीत प्रवेश हुकतो. भाडेकरार नोंदवायला घरमालक तयार नसलेलं कुटुंब तर अर्जापर्यंतही पोचत नाही. आणि याच कुटुंबांसाठी ही तरतूद आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या 25 टक्क्यांतून सूट, असा बदल महाराष्ट्र सरकारने केला. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला, बरं झालं.

अधेमधे सुटलेल्या जागांकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. मॅसॅच्युसेट्समध्ये मूल शाळा सोडून गेलं तर 15 फेब्रुवारीपर्यंत ती जागा प्रतीक्षायादीतून भरायचा प्रयत्न करावा लागतो. वरच्या इयत्तांना सूट आहे, आणि गोम तिथेच आहे. वर्ग आक्रसत जातो, टिकलेल्या मुलांचा निकाल चमकतो. आरटीईत तर प्रवेशच फक्त सुरुवातीच्या वर्गात.

महापालिकांना संस्थांशी करार करायचेच असतील तर जरूर करावेत. पण कोणत्या इयत्तेपर्यंत रिकामी जागा भरायची, दरवर्षी किती मुलं सोडून गेली हे शाळेच्या फलकावर लावायचं की नाही, हे करारातच लिहावं. आणि शेजारच्या शाळेचं पद निदान तीन वर्षं संचमान्यतेत कापायचं नाही, असा शासन निर्णय त्याच दिवशी निघावा.