मोनार्कचे रातथारे आणि ‘तेच झाड, तीच फुलपाखरे’ हा समज

अमेरिकेच्या मध्यभागातील एखाद्या घरच्या शेतावर, सप्टेंबरच्या संध्याकाळी, झाडाच्या फांदीला शेकडो नारिंगी मोनार्क फुलपाखरे लटकलेली दिसतात. हा त्यांचा रातथारा, म्हणजे दक्षिणेकडच्या प्रवासातला रात्रीचा सामूहिक मुक्काम. अशा छायाचित्रांसोबत एक ठरावीक मजकूर फिरत असतो: हीच फुलपाखरे दरवर्षी याच झाडावर परततात, प्रवासात काही खात नाहीत, म्हणून शेतकऱ्याने ते झाड राखले की पुरे, त्यांची संख्या घटली ती केवळ मेक्सिकोतील जंगलतोडीमुळे. हा मजकूर सद्भावनेने लिहिला जातो हे मान्य, पण त्यातून शेतकऱ्याला मिळणारा सल्ला चुकीचा आहे.

‘तीच फुलपाखरे’ हे शक्यच नाही. उन्हाळ्यात जन्मलेले मोनार्क 2 ते 6 आठवडे जगते. उन्हाळा सरताना कोषातून बाहेर पडणारी पिढी तेवढी 8 ते 9 महिने जगते, कारण तिची प्रजननक्षमता काही काळ थांबलेली असते. ही पिढी मध्य मेक्सिकोच्या डोंगरांत, सुमारे 3,000 मीटर उंचीवरच्या ओयामेल या सूचिपर्णी वृक्षांवर हिवाळा काढते, मार्चमध्ये उत्तरेकडे निघते आणि टेक्सासच्या आसपास अंडी घालून मरते. पुढची वाट तिची मुले-नातवंडे चालतात. म्हणजे यंदा शेतावर उतरलेले फुलपाखरू हे गेल्या वर्षी उतरलेल्याचे पणतवंड किंवा खापरपणतवंड असते, आणि त्याने ना ते शेत पाहिलेले असते ना मेक्सिको. सूर्याची जागा आणि मिशांमधले जैविक घड्याळ यांचा मेळ घालून ते दक्षिण दिशा धरते. मला तर हे सत्य त्या गोड कथेहून कितीतरी अधिक विलक्षण वाटते.

‘तेच झाड’ यात थोडे तथ्य आहे. काही ठिकाणी वर्षानुवर्षे रातथारे दिसतात. पण तिथे वाऱ्याला आडोसा असतो आणि जवळ फुले असतात, म्हणून नवे प्रवासीही तीच जागा निवडतात. मुक्काम बहुधा एक-दोन रात्रींचा असतो. तापमान सुमारे 13 अंशांच्या खाली असले की त्यांना नीट उडता येत नाही, म्हणून सकाळी ऊन लागेपर्यंत ती फांदीवरच थांबतात. तेव्हा त्यांना आजारी समजून हलवू नये.

‘प्रवासात काही खात नाहीत’ हे विधान मात्र सर्वांत घातक आहे. मेक्सिकोत पोहोचल्यावर त्यांना जवळजवळ पाच महिने मुख्यतः साठवलेल्या चरबीवर काढायचे असतात आणि ती चरबी वाटेतल्या मकरंदातूनच तयार होते. शरद ऋतूत हा मकरंद देतात ती गोल्डनरॉड, अॅस्टर यांसारखी रानफुले, जी कुंपणालगत, चराच्या काठाला, रस्त्याकडेला उगवतात आणि शेत ‘स्वच्छ’ करताना सर्वांत आधी कापली जातात. झाड राखून ही कड साफ करणे म्हणजे पाहुण्याला अंथरूण देऊन उपाशी निजवणे होय. कापणी फुलोरा संपेपर्यंत लांबवली, तर त्या शेताची या प्रवाशांना खरी मदत होते. साखरपाण्याच्या बशा ठेवून हे काम होत नाही.

राहिला जंगलतोडीचा मुद्दा. तोडीने नुकसान केले हे निर्विवाद आहे. तथापि मेक्सिकोत मोनार्क जिथे हिवाळा काढतात त्या, 2008 मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या अभयारण्यातील मोठी बेकायदा तोड पुढील काही वर्षांत बरीच आटोक्यात आली, आणि तरीही हिवाळ्यात फुलपाखरांनी व्यापलेले जंगल (त्यांच्या संख्येचा अंदाज यावरूनच घेतात), जे 1996-97 च्या हिवाळ्यात सुमारे 18 हेक्टर होते, ते 2013-14 मध्ये 0.67 हेक्टर इतके आकुंचले. 2024-25 मध्ये ते 1.79 हेक्टर होते. मोनार्कची अळी केवळ मिल्कवीड कुळातील चिकाळ झाडांवर वाढते. अमेरिकेत 1996 पासून तणनाशक सहन करणारे सोयाबीन आणि पाठोपाठ तसाच मका आल्यावर उभ्या पिकातही तणनाशक फवारले जाऊ लागले आणि पिकांच्या ओळींमधले मिल्कवीड झपाट्याने नाहीसे झाले. बदलते हवामान हेही एक कारण आहे. घट नेमकी कशामुळे किती, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. काहींच्या मते शरदातील प्रवासातच अधिक फुलपाखरे गळतात. यांपैकी कोणतेही मत धरले तरी शेताची जबाबदारी सुटत नाही.

हाच मजकूर कधीकधी महाराष्ट्रातील छायाचित्रे जोडूनही येतो. मोनार्कचे हे स्थलांतर भारतापर्यंत येत नाही. आपल्याकडे दिसतात ती त्याच प्रजातीसमूहातील प्लेन टायगर आणि स्ट्राइप्ड टायगर ही फुलपाखरे. त्यांतील प्लेन टायगरच्या अळ्या आपल्या बांधावरच्या रुईवर वाढतात.